यतीन बोंद्रेचा वाढत्या मापाचा फुगा

यतीन बोंद्रे आणि मी चार वर्षं एकाच गाडीतून ऑफिसला गेलो. फ्रीमाँटहून सॅन होजेला जाताना ८८० हायवेवर कारपूल लेन आहे. तिच्यासाठी गाडीत दोन माणसं लागतात. त्या दोघांचं एकमेकांशी पटलंच पाहिजे, असा मात्र कॅलिफोर्नियात कायदा नाही. तो डेटाबेसचा माणूस. मी टेस्टिंगमध्ये, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढण्याचा मला पगार मिळतो. माझ्या नवऱ्याच्या मते हे काम मी फुकटातही केलं असतं.

यतीन मूळचा नागपूरचा, घरातला थोरला. त्यामुळे लहानपणी त्याला कपडे नवे मिळायचे, पण वाढत्या मापाचे. चौथीत शिवलेली चड्डी सहावीत नीट बसायची आणि बुटाच्या टोकाला कापूस कोंबलेला असायचा. आपल्यापैकी निम्म्या लोकांचं बालपण असंच गेलं, आणि मोठे झाल्यावर सगळे ते विसरले. यतीननं मात्र त्याचं तत्त्वज्ञान केलं. "एकदाच घ्यायचं, पण पुढचा विचार करून घ्यायचं" हे वाक्य मी त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की माझ्या स्वप्नातही ते त्याच्याच आवाजात येतं. तीन माणसांच्या घराला त्यानं सात सीटची व्हॅन घेतली. मुलीला, इशिताला, दुसरीत असताना घेतलेलं थंडीचं जॅकेट तिच्या घोट्यापर्यंत यायचं. सायकल घेतली ती अशी की तिचे पाय पेडलला पोचेपर्यंत तिला सायकलीचा कंटाळा आलेला होता. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं आपले लोक म्हणतात. यतीन आधी भलंमोठं अंथरूण आणायचा आणि मग पाय वाढायची वाट बघत बसायचा.

२००६ साली इशिता चौदा वर्षांची होती. त्या वयाला साजेसं तिनं घरात बोलणं बंद केलेलं. "फाइन" आणि "व्हॉटएव्हर" या दोन शब्दांवर ती आईबापांचा संसार चालवत होती. एप्रिलमध्ये ते हवाईला गेले आणि तिथे बापलेकीनं हौस म्हणून स्कूबा डायव्हिंगचा अर्ध्या दिवसाचा कोर्स केला. पाण्यातून वर आल्यावर ती पोर तासभर हातवारे करत बापाशी बोलत राहिली. सोमवारी सकाळी गाडीत यतीन मला म्हणाला, "दीपा, ती सलग बोलत होती यार. पूर्ण सेंटेन्सेस." त्याचा आवाज भरून आला होता.

परत आल्यावर दोघांनी रीतसर कोर्स केला. शिकवायला मार्शा नावाची साठीची बाई होती, रापलेल्या चेहऱ्याची आणि मोजकं बोलणारी. कोर्सबरोबर एक नियमही आला. पंधरा वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलांनी सर्टिफाइड मोठ्या माणसाशिवाय पाण्यात उतरायचं नाही. म्हणजे इशिताला डायव्हिंगला जायचं तर बाबाला बरोबर न्यावंच लागणार. असा नियम करणाऱ्यांना यतीन मनोमन रोज हात जोडत असेल. पण ऑक्टोबरात तिला पंधरा पूर्ण होणार होती. मग ती मैत्रिणीबरोबर जाऊ शकली असती, मार्शाच्या ग्रुपबरोबर जाऊ शकली असती, बापाला घरी ठेवून कुणाहीबरोबर जाऊ शकली असती. यतीनला त्या ऑक्टोबरची धास्ती होती. तो तसं कबूल करायचा नाही, पण चार वर्षं शेजारच्या सीटवर बसल्यावर माणसाची धास्ती कळते.

त्यावर त्यानं उपाय काढला तो खास बोंद्रे पद्धतीचा. साध्या डायव्हिंगच्या पुढे टेक्निकल डायव्हिंग असतं. त्यात पाठीवर दोन-दोन टाक्या बांधून लोक शंभर-दीडशे फुटांच्याही खाली, बुडालेल्या जहाजांत वगैरे जातात. तिथे पोचायला वर्षानुवर्षांचा सराव लागतो. यतीनच्या गाठीशी एकूण पाच डाइव्ह होत्या, त्यातल्या दोन स्विमिंग पूलमधल्या. पण त्याचं म्हणणं असं की आपण इतके एक्सपर्ट व्हायचं की ऑक्टोबरनंतरही पोरीनं म्हणावं, मला बाबाच हवा. पी हळद आणि हो गोरी.

एक्सपर्ट होण्याची सुरुवात अर्थातच खरेदीपासून. डायव्हरच्या पाठीवर हवेची एक पिशवी असते. तिला बॉयन्सी कॉम्पेन्सेटर म्हणतात, मी फुगा म्हणते. हवा भरली की माणूस वर, सोडली की खाली, आणि मोजून ठेवली तर मधोमध अधांतरी. नवशिक्यांसाठी ही पिशवी जॅकेटच्या आकाराची असते. टेक्निकलवाले पाठीला धातूची पाटी बांधतात आणि तिच्यामागे पंखांसारखी पिशवी लावतात. त्याला विंग म्हणायचं. झालं, यतीनला जॅकेट म्हणजे बालवाडीचा गणवेश वाटायला लागला.

मे महिनाभर गाडीत दुसरा विषय नव्हता. त्यानं एक्सेल शीट केली. सत्तावीस कॉलम, प्रत्येकाला वेटेज, शेवटी स्कोअर. कापड किती जाड, पट्टा एकसंध की तुकड्यांचा, पिशवीला रबरी दोऱ्या असाव्यात की नसाव्यात. या शेवटच्या मुद्द्यावर इंटरनेटवर लोक एकमेकांची कुळं काढत होते आणि यतीन ते सगळं लंचमध्ये वाचायचा. "फ्लोरिडाचा आपला माणूस म्हणतो" अशी त्याची वाक्यं सुरू व्हायची. हा माणूस म्हणजे एका फोरमवरचं टोपणनाव. यतीनच्या सख्ख्या भावाच्या मताला इतका मान कधी मिळाला नाही.

शेवटी सेकंड ओपिनियन म्हणून तो मला मार्शाच्या डायव्हिंगच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेला. मला पोहता येत नाही, ही बहुधा माझी पात्रता. मार्शानं शीट शांतपणे पाहिली आणि म्हणाली, "पहिल्या पन्नास डाइव्हना भाड्याचं जॅकेट वापर. मग ठरव. आणि विंगच हवी असेल तर एका टाकीला तीस पाउंड उचलणारी पुष्कळ झाली."

"पण पुढे मी दोन टाक्या लावणार," यतीन म्हणाला. "मग तेव्हा शंभर पाउंडांची लागेल. आत्ताच ती घेतली तर?"

"एका टाकीला एवढी मोठी पिशवी लावलीस तर ती टाकीभोवती दुमडते. घडीत हवा अडकते. तुला बाहेर काढायची असते तेव्हा ती निघत नाही."

इतकं स्वच्छ मला कुणी आयुष्यात काही समजावून सांगितलेलं नाही. गाडीत बसल्यावर यतीन म्हणाला, "दुकानदार छोटा माल घे म्हणतोय, म्हणजे काहीतरी गोम आहे." आठवड्याभरात शंभर पाउंडांची विंग खोक्यातून घरी आली. एक पिशवी फुटली तर दुसरी असावी म्हणून आत दोन पिशव्या होत्या.

पुढचा महिना तिची घरात प्राणप्रतिष्ठा चालू होती. पाटीत पट्टा ओवायला चार संध्याकाळी गेल्या. मग सवय व्हावी म्हणून तो ती पाठीला बांधून टीव्हीसमोर बसायला लागला. त्याची बायको आसावरी एरवी सोशिक, पण तीही म्हणाली, "यतीन, सोफा फाटेल, काढ ते." इशिता जिन्यावरून उतरताना बापाकडे एक नजर टाकून म्हणाली, "बाबा, इट्स टू बिग." यतीन म्हणाला, "होऊ दे सवय." जणू त्याचीच पाठ अजून वाढायची होती.

जुलैमध्ये ते माँटेरेला निघाले, तेव्हा आसावरीनं सोबत म्हणून मला नेलं. बंदराच्या भिंतीवर आम्ही दोघी थर्मास आणि दडपे पोहे घेऊन बसलो. बापलेक पाण्याकडे गेली. इशिता भाड्याच्या जॅकेटमध्ये सुटसुटीत चालत होती. यतीनच्या दोन्ही खांद्यांमागे विंग लोंबत होती आणि तो कुणाचं तरी बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघाल्यासारखा दिसत होता. दोघं पाण्याखाली गेली. मी पोहे वाढले.

दहा मिनिटं झाली असतील. आमच्यासमोर तेलात पुरी टम्म फुगून वर यावी तसा यतीन पाण्यावर आला. छातीपर्यंत बाहेर, आणि दोन्ही बाजूंना ते पंख ताठ फुगलेले. पुढे त्यानं स्वतःच सांगितलं ते असं. तीस फुटांवर तो जरासा वर सरकला, तसा पाण्याचा दाब कमी होऊन आतली हवा फुगायला लागली. त्यानं सोडायची दोरी ओढली, पण हवा घडीत अडकलेली. मार्शानं सांगितलं होतं, अगदी तसंच.

मी हसले. खोटं कशाला बोलू, मी मोठ्यानं हसले. मग आसावरी उभी राहिली आणि म्हणाली, "इशिता कुठे आहे?"

पाण्यावर यतीन एकटाच होता. त्यालाही ते त्याच वेळी कळलं असावं. तो गरकन उलटा झाला आणि खाली जायला धडपडू लागला, पण जाता येईना. पाय झाडतोय, हातांनी पाणी मारतोय, आणि ती शंभर पाउंडांची पिशवी त्याला जागचा हलू देत नाहीये. लेक खाली आणि बाप वर तरंगतोय. आसावरी माझा दंड धरून उभी होती. तिची नखं रुतत होती आणि मी तिला सांगितलं नाही. मला भीती वाटत होती, आणि हसल्याची इतकी लाज वाटत होती की आजही ते आठवलं की नको होतं.

दोन मिनिटं असतील, अडीच असतील. मग तीसेक फुटांवर इशिताचं डोकं वर आलं. जोडीदार दिसेनासा झाला तर मिनिटभर शोधायचं आणि मग सावकाश वर यायचं, हे मार्शानं शिकवलेलं तिनं तसंच्या तसं केलं होतं. ती बापाकडे पोहत गेली, त्याला एका बाजूला कलता केला, त्याच्या पाठीमागची दोरी वर धरली आणि फुस्स करून हवा निघाली. काठावर आल्यावर मास्क काढून ती एवढंच म्हणाली, "यू लेफ्ट मी." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी गाडीत यतीन म्हणाला, "अंगावरच्या वेट्सचं डिस्ट्रिब्यूशन चुकलं. फ्लोरिडाचा आपला माणूस म्हणतो, ट्रिम, म्हणजे पाण्यातला तोल, अ‍ॅडजस्ट केली तर—"

"यतीन," मी म्हणाले, "तू पोरीला पाण्याखाली सोडून वर आलास."

चार वर्षांत पहिल्यांदा मला ८८० वरच्या टायरांचा आवाज नीट ऐकू आला. तेव्हा वाटलं, आता तरी विंग विकेल. कसला विकतोय. शीटमध्ये अठ्ठाविसावा कॉलम आला. इशिता त्या उन्हाळ्यात पुन्हा पाण्यात उतरली नाही. बाबाबरोबर जायचं नव्हतं आणि बाबाशिवाय जाता येत नव्हतं. घरात परत "फाइन" आणि "व्हॉटएव्हर" सुरू झालं. यतीन म्हणायचा, शाळेचं टेन्शन असेल.

ऑक्टोबरात ती पंधरा वर्षांची झाली. पुढच्या रविवारी मार्शाचा ग्रुप माँटेरेला जाणार होता आणि इशितानं आपलं नाव परस्पर देऊन टाकलं. यतीन म्हणाला, मी सोडतो. आसावरीनं पुन्हा मला ओढलं. यतीननं व्हॅनमध्ये विंगही टाकली होती. ते पाहून मी माझे ओठ घट्ट मिटून घेतले. त्यासाठी मला पगार मिळत नसताना.

पार्किंगमध्ये मार्शा कागद घेऊन जोड्या लावत होती. "इशिता, तुझा जोडीदार कोण?" तिनं विचारलं. इशिता वळली. यतीन तिच्यामागेच उभा होता, विंग हातात घेऊन. ती बापाच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हती, त्याच्या हातांकडे पाहत होती. "आय डोन्ट नो यट," ती म्हणाली.

यतीननं विंग व्हॅनमध्ये नेऊन टाकली, दार लावलं आणि मार्शाच्या सामानापाशी गेला. "एक भाड्याचं जॅकेट दे," तो म्हणाला. कुठलं, असं तिनं विचारल्यावर म्हणाला, "जे असेल ते." तिनं त्याला एक विटलेलं जांभळं जॅकेट दिलं, मीडियम साइझचं, पाठीवर दुकानाचा नंबर रंगवलेलं. ते त्याला नेमकं बसलं. त्रेचाळिसाव्या वर्षी त्या माणसाच्या अंगावर पहिल्यांदा त्याच्या मापाचं काहीतरी आलं होतं.

तो इशितासमोर जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता घर्षण, घनता, ट्रिम. पण तो म्हणाला, "बेटा, मी चुकलो. तुला एकटीला खाली सोडून आलो. मला खाली येता येईना."

इशितानं त्याचे पट्टे एकेक करून ओढून पाहिले. हवा भरायचं बटण दाबलं, सोडायची दोरी ओढली आणि हवा निघतेय ना ते कान लावून ऐकलं. एकदा झाल्यावर सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासलं. पंधरा वर्षांची पोर बापाची बकलं लावत होती आणि तो हात वर करून, सांगेल तसा वळत होता. आसावरीनं तोंड दुसरीकडे फिरवलं. मीही फिरवलं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

"स्टे वेअर आय कॅन सी यू, बाबा," इशिता म्हणाली.

"हो," यतीन म्हणाला.

मार्शा अजून कागद घेऊन उभीच होती. तिनं पुन्हा विचारलं, जोडीदार कोण लिहू?

"ही इज विथ मी," इशिता म्हणाली, आणि मार्शानं तसं लिहून घेतलं.