गढीतलं कुटार

धाडहून जीपने थोडं पुढे गेलं की आमचं गाव, आणि गावात गढी. गढी म्हणजे एक दगडी बुरूज. बाकीचा पांढऱ्या मातीचा ढिगारा. ती मातीही गावाने टोपल्याटोपल्यांनी नेऊन मिरचीच्या वाफ्यांत घातली. बुरजाला लागून दगडी कमानींच्या तीन खोल्या होत्या, त्यांतली एक शाबूत आहे. तिच्यात माझी चुलतवहिनी कुटार ठेवते. तुरी-हरभऱ्याच्या मळणीतला हा भुसा एकदा भिजला की काळा पडतो, जनावर तोंड लावत नाही. इथली भिंत दोन हात जाड, त्यामुळे भर श्रावणातही तो कोरडा राहतो. वहिनीच्या दोन्ही म्हशी त्यावरच पावसाळा काढतात.

गेल्या वर्षी मृगाच्या तोंडावर वारसा जपणारं एक मंडळ आलं. अध्यक्षांच्या गळ्यात दुर्बीण होती. बुरजापासून चार हातांवर उभं राहून ते तिच्यातून बुरूज पाहत होते. मग खोलीत डोकावून म्हणाले, "हा कचरा आठ दिवसांत काढा. वास्तूचा मूळ वापर जपणं हे आमचं धोरण आहे."

वहिनी पदर खोचून दारात उभी राहिली. "काऊन काढा? पानी आलं तोंडावर. म्हशीयले काय तुमचं धोरन चारू?"

मग मला विचारण्यात आलं, कारण पुस्तकं वाचणारा म्हणून गावात माझी बदनामी आहे. मूळ वापर काय होता हे कोणालाच ठाऊक नाही, मलाही नाही. मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "शिबंदीच्या घोड्यांची वैरण इथेच असणार."

अध्यक्षांनी ते लगेच वहीत उतरवलं. 'असणार' तेवढं गाळलं.

ते गेल्यावर वहिनीने विचारलं, "भाऊजी, खरं हाय का थे?"

"कोणास ठाऊक."

"मंग लय चांगलं सांगतलं."

कुटार राहिलं. महिनाभरात 'अश्वदलाचे वैरण कोठार' असा संगमरवरी फलकही लागला. भादव्यात अध्यक्ष पाहुणे घेऊन आले, तेव्हा ढीग कमरेएवढा उरला होता. ते नाराज झाले. "बाई, कोठार फार रिकामं दिसतं. लोक आता येत राहतील. जरा बेताने काढत जा."

वहिनी टोपलं भरत होती. तिने मान वर केली नाही. "मंग पाहुन्यायलेच सांगा ना साहेब, येतांनी एकेक पोतं घेऊन या म्हना."

पुढच्या खेपेला अध्यक्षांच्या गाडीतून पाहुण्यांच्या आधी दोन पोती उतरली.