उलटे आटे

दस्तगीरभाई माणसाशी बोलायच्या आधी यंत्राशी बोलायचे आणि यंत्र त्यांना उत्तर द्यायचं. मी भौतिकशास्त्राचा प्राध्यापक असून हे शपथेवर सांगतो. पहिल्या दिवशी आमच्या संस्थेच्या वर्कशॉपात गेलो, तर हे पंपाच्या पोटाला कान लावून बसलेले. मला हातानंच थांबवलं. "गप ऱ्हावा सर, त्याचं बोलणं व्हायचंय अजून." मी फलटणचा, सख्ख्या बापाचं पुरतं न ऐकलेला माणूस, पण त्या पंपाचं म्हणणं संपेपर्यंत उभा राहिलो.

माधवनगरच्या गिरणीत त्यांची उमेदीची वर्षं गेली. गिरणी बंद पडली, तेव्हा सांगलीजवळच्या आमच्या विद्यापीठाच्या संस्थेत ते कंत्राटावर लेथ चालवायला आले. संस्थेचं नाव इतकं लांब की, पाटीचं शेवटचं अक्षर वाचेपर्यंत पहिल्याचा रंग उडायचा. त्यातला सगळ्यात अवजड शब्द 'आंतरविद्याशाखीय'. भौतिक, रसायन, वनस्पती, संगणक अशा सगळ्यांनी मिळून संशोधन करायचं, असा त्याचा अर्थ. प्रत्यक्षात रसायनवाले वनस्पतीवाल्यांच्या किटलीतला चहासुद्धा पीत नसत. दस्तगीरभाई पाटीकडं बघून म्हणायचे, "सर, ह्यात अंतर तेवढं दिसतंय. विद्या कुठं हाय?"

मग हळदीचं यंत्र निघालं. शिजवलेली हळद फिरत्या ढोलात वाळवायची आणि ती वाळली की यंत्रानंच सांगायचं. आम्ही पाच डॉक्टरेटवाल्यांनी आराखडा केला. पहिल्याच चाचणीत झाकणाचा नट फिरत फिरत सुटला आणि खिडकी फोडून जो गेला, तो थेट कृष्णेपलीकडं. नदीतल्या मगरींनी अंग चोरलं असेल.

दस्तगीरभाईंनी ढोल एकदा हातानं फिरवला. "ढोल फिरतोय तसा नट सुटतोय. उलटं आटं पाडाय पाहिजेत. डावीकडं पिळलं की आवळंल, उजवीकडं पिळलं की सुटंल. मग ढोल फिरंल तसा नट घट्टच हुईल." दोन दिवसांत त्यांनी दांडा, नट, झाकण सगळं नवं केलं. हळद वाळल्याचं सांगणारा आमचा महागडा सेन्सर रोज खोटं बोलायचा. तो त्यांनी दोन बोटांनी बाजूला सारला. "वाळलं हळकुंड खणखणतंय, सर. कान लावा." आम्ही तिथं मायक्रोफोन लावला, त्या खणखणीला शोधनिबंधात भारदस्त नाव दिलं आणि निबंध छापून आला. पाच नावं. माझं तिसरं.

संचालकांनी यंत्रावर लावायला पितळी पाटी करायला सांगितली. कोरायची कुणी? दस्तगीरभाईंनीच. पाच नावं कोरून झाल्यावर ते माझ्याकडं आले. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागायला.

"सर, खाली सहावं नाव मावतंय. नातीनं शाळंत सांगितलं, माझे नाना संशोधन करत्यात. बाई म्हणल्या, छापलेलं दाखव. आता सगळी पोरं तिला लबाड म्हणत्यात."

मी संचालकांकडं गेलो. ते म्हणाले, "कंत्राटी माणसाचं नाव घालायची पद्धत नाही. तोंडी आभार मानू." मी मान हलवली. माझं नाव कोरून झालं होतं ना.

मूल्यांकन समिती आली, त्या दिवशी दस्तगीरभाईंना वर्कशॉपातच बसायला सांगितलं होतं, कपड्यांवर तेलाचे डाग म्हणून. संचालक झाकण उघडायला गेले. निघेना. मग रसायन लागलं, वनस्पती लागली, संगणक लागला, मीही लागलो. संस्थेच्या इतिहासात सगळ्या विद्याशाखा एका कामाला जुंपल्या तो हाच दिवस. सवयीनं पाचही जण डावीकडं पिळत होतो. नट एवढा आवळला की हळदीचा जीव गुदमरला असेल. शेवटी दस्तगीरभाईंना बोलावलं. त्यांनी पाना लावला, उजवीकडं एक हिसका दिला, झाकण हातात.

समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "हे कुणाचं डोकं?"

"टीमवर्क, सर," संचालक म्हणाले.

दस्तगीरभाईंनी संचालकांकडं पाहिलंच नाही. माझ्याकडं पाहिलं. मी हळदीकडं पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी पाटी बसवून ते काम सोडून गेले. जाताना म्हणाले, "तुमचं नाव लय खोल कोरलंय, सर. पुसायचं न्हाई." ते हसतच म्हणाले, पण ते हसू अजून माझ्या कानात वाळल्या हळकुंडासारखं खणखणतंय.

गेल्या हिवाळ्यात दस्तगीरभाई वारले. मी शोकसभेचा अर्ज दिला. उत्तर आलं, 'सदर इसमाचे नाव कर्मचारी यादीत आढळत नाही.' इसम! अरे, ज्याच्या कानाच्या जोरावर तुमची संस्था देशभर मिरवली, तो इसम?

तो कागद खिशात घालून मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पाटीपाशी गेलो. स्क्रू हलेना. पिळावा तितका आवळायचा. मग डोक्यात उजेड पडला आणि मी उजवीकडं पिळलं. चारही स्क्रू लोण्यासारखे निघाले. मला वाटलं, म्हाताऱ्यानं मागं स्वतःचं नाव कोरून ठेवलं असणार. पाटी उलटली. मागची बाजू कोरी होती. घासून आरशासारखी लख्ख केलेली. त्यात दिसलं ते माझंच तोंड.

सांगलीत लग्नाच्या भांड्यांवर नावं घालणारा एक कारागीर आहे. त्याच्याकडून त्या कोऱ्या बाजूवर कोरून आणलं : 'हे यंत्र दस्तगीरभाई, माधवनगर यांनी केले.' पाटी उलटी करून त्याच स्क्रूंनी बसवली. आमची पाच नावं आता लोखंडाकडं तोंड करून आहेत. दस्तगीरभाईंची नात शाळेतल्या बाईंना घेऊन आली. बाईंनी पाटी दोनदा वाचली आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

परवा संचालकांचं लक्ष गेलं. काल सकाळपासून दोन प्राध्यापक आणि एक संगणकतज्ज्ञ पाटी काढायला घाम गाळताहेत. तिघंही डावीकडं पिळतात. मी शेजारी उभा राहून धीर देतो.

"अजून थोडा जोर लावा, सर."