कोपरावरची लाल रेघ

चौथीच्या बाईंना मुलं पाठीमागे 'चौकशीबाई' म्हणायची, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. दूधवाल्याने मिशी का काढली, समोरच्या खिडकीतला दिवा कधीपासून बंद आहे, सगळं त्यांना कळायला हवं असायचं. नवरा म्हणायचा, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचा हिला पगार मिळतो. बाईंनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. चौकशीशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

'माझा अनुभव' लिहायला सांगितलं की पूर्वी सगळा वर्ग वहीतल्या वहीत सहलीला जायचा, कधी न गेलेली पोरंसुद्धा. बाईंना त्या सहलींचा वीट आला आणि त्यांनी विषय देणंच सोडलं. आता त्या लागल्याची खूण दाखवायला सांगत. मग पायमोजे खाली, बाह्या वर. ज्या खुणेची हकीकत ऐकायला बाकीची पोरं पुढे सरकतील, तो त्या मुलाचा विषय. गुडघा फुटलेलं कुठलंही पोर पानभर लिहितं, असा त्यांचा दावा होता.

यंदा खिडकीजवळच्या मुलीने कोपर पुढे केलं, तेव्हा मात्र बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. खूण लाल शाईची होती आणि घामाने पसरायला लागली होती. वर्ग फिदीफिदी हसला. मुलीचा चेहरा एवढासा झाला.

मधल्या सुट्टीत बाईंनी तिला थांबवून घेतलं.

"बाई, माझ्या अंगावर एकपण खूण नाही," ती म्हणाली. "मला कधी काही झालंच नाही. मी काय लिहू?"

सगळ्यांना काही ना काही घडलंय, आपणच तेवढ्या कोऱ्या करकरीत, या विचाराने ती रडकुंडीला आली होती. बाईंना फार वाईट वाटलं. आपल्या हुशारीत अशीही एखादी अडकेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. पण सवय जाते कुठे? रागवायचं राहिलं बाजूला, त्यांनी विचारलं, "कोपरावरच का गं काढलीस?"

ताईला तिथेच आहे, म्हणून. ताईला कशाने लागलं होतं? ते काही तिला ठाऊक नव्हतं.

"मग आज विचार," बाई म्हणाल्या. "कळल्याशिवाय मला झोप यायची नाही."

दुसऱ्या दिवशी ती वर्गापुढे उभी राहून वाचू लागली. ती नुकती चालायला लागली होती, तेव्हा जिन्यावरून गडगडत निघाली. खालच्या पायरीवर ताई होती, तीही लहानच. तिने झेलून हिला पोटाशी धरलं आणि स्वतः कोपरावर आपटली. टाके पडले. आईला अजून धडकी भरते, म्हणून घरात कोणी तो विषय काढत नाही. कालची हसणारी पोरं बाक सोडून पुढे आली होती.

शेवटी तिने लिहिलं होतं, "माझी खूण ताईच्या हातावर आहे. मी तिला विचारलं, खूप दुखलं का? ती म्हणाली, मला वाटलं, तू कधी विचारणारच नाहीस."