त्या दिवशी वारा नव्हता

जे सांगणार आहे ते आमच्या घरी कुणाला माहीत नाही, इथेही नाही. ज्या बाईला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तिचे केस मी आज सकाळी विंचरले, वेणी घातली, रबर लावलं — आणि तेव्हाही गप्पच बसले. रोजच बसते.

कुठून सुरुवात करू?

मी अमेरिकेत बॉथेलला राहते, काका-काकूंच्या घराच्या बेसमेंटमध्ये. ते माझ्या नात्यातले नाहीत. मूळचे पुण्याचे, खूप वर्षांपूर्वी इथे आलेले. मुलगा लांब, दुसऱ्या राज्यात अर्विंगला नोकरी करतो. मी मास्टर्सला आले तेव्हा खोली शोधत होते, आणि त्यांना खरं तर भाडेकरू नको होता, जेवायला वर येणारं माणूस हवं होतं. पहिल्याच आठवड्यात काकूंनी सांगून टाकलं की खाली एकटीने नूडल्स खात बसायचं नाही.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. हे मी कुणालाही अभिमानाने सांगते. बाबा काय करतात, ते मात्र — ते मी टाळत आले.

बाबा माथेरानला घोडेवाले आहेत. गाड्या वर येत नाहीत, म्हणून पर्यटकांना घोड्यावर बसवायचं आणि दोरी धरून पॉइंट दाखवत फिरवायचं. आमचे दोन घोडे, बादल आणि राणी. सुट्टीत राणीची दोरी माझ्या हातात असायची. लाल मातीतून तिच्या डाव्या खांद्याला लागून चालायचं. उतार आला की वर बसलेल्याला सांगायचं, मागे रेला, पाय पुढे. चढ आला की, पुढे वाका. संध्याकाळी तोंडातून दुसरं काही निघत नसे.

त्या घोड्यांवर मी कधी बसले नाही. घरच्यांनी बसायचं नाही, अशीच रीत होती. घोड्याने गिऱ्हाइकासाठी दमायचं; आपल्याला पाय आहेत. एकदा राणीवर माझ्याच वयाची एक मुलगी बसली होती. तिने विचारलं, तू कधी बसतेस? मी तोंड उघडायच्या आत बाबा हसून म्हणाले, “आमच्या पोरी चालतात.” त्यांना त्यात लाजण्यासारखं काहीच वाटलं नाही. मला वाटलं. पुढे अभ्यासाचं निमित्त करून मी दोरी धरणं सोडलं.

आता खोटं. ते खोटं होतं का, यावर मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला आहे.

एकदा जेवताना काकू सांगत होत्या की घोड्यावरून लांब लांब जावं, रानांतून, गावांतून, अशी त्यांना लहानपणापासून हौस. माहेरी कुणी ऐकलं नाही, मग लग्न, मग मुलगा, मग नोकरी. मी म्हणाले, आमच्याकडे घोडे होते. एवढंच. शब्द न् शब्द खरा. काकांनी चमचा खाली ठेवला आणि विचारलं, “म्हणजे संस्थानिक की काय तुम्ही?”

मी हसले. नुसतं हसले.

त्या दिवसापासून मी ‘सरकार’ झाले. सरकार, कोशिंबीर घ्या. सरकार, कचऱ्याचा डबा बाहेर न्यायची आज आपली पाळी. मला ते आवडायचं — हेही लिहायलाच हवं. मग एका संध्याकाळी काकूंनी सरळच विचारलं, तू घोडेस्वारी करायचीस ना गं? आणि मी हो म्हणाले. इथे मात्र एक शब्दसुद्धा खरा नव्हता.

साठी जवळ आली तशी काकूंनी हौस मनावर घेतली. जवळच्या एका तबेल्यात शिकवणी लावली आणि मला सोबत नेलं. खूप वर्षांनी बसतेय, असं म्हणत मी सगळं पहिल्यापासून शिकून घेतलं. घोड्यांची भीती नव्हतीच, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. मग आयर्लंडची ट्रिप ठरली. आठवडाभर घोड्यावरून शेतं, टेकड्या, समुद्रकाठ, आणि रोज वेगळ्या फार्महाउसवर मुक्काम. काकांची पाठ दुखरी, ते सामान घेऊन गाडीने पुढे जाणार होते. मुलाने फोनवर बराच विरोध केला. काकू त्याला काय म्हणाल्या ते मी जिन्यात उभी राहून ऐकलं. “ती आहे ना बरोबर. घोड्यांत वाढलीय ती. तिच्याच भरवशावर चाललेय मी.”

तेव्हा वर जाऊन सांगता आलं असतं. मी खाली गेले आणि बॅग भरायला घेतली.

सुरुवातीचे दिवस किती सुंदर होते, हे सांगायलाही आता अवघड वाटतं. दगड रचून केलेले बांध, ओलं गवत, मेंढ्या, आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं. त्या फुलांना चक्क ओल्या नारळाचा वास येतो. काकू घोडा थांबवून म्हणाल्या की आता कुणी सोलकढी आणून दिली तर मी परत जायचीच नाही. दुपारी रस्त्याच्या कडेला काका आल्याचा चहा थर्मासमध्ये घेऊन उभे असायचे आणि आम्ही दिसलो की म्हणायचे, आली, आली, सरकारांची स्वारी आली. काकूंना मी तेवढं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

मग तो ओढा.

सकाळी पाऊस पडून गेला होता. ओढा लहानच, पण त्याच्याकडे उतरणारी वाट चिखलाची आणि तिरकी होती. आमची गाइड नोरा आधी पलीकडे गेली. तिच्यामागे आमच्याबरोबरचे अमेरिकन रायडर गेले. मी उताराच्या मध्यावर होते आणि काकू माझ्या मागे, वरच्या कडेला. त्यांचा घोडा अडला. मी वळून पाहिलं. भीतीने त्या पुढे झुकल्या होत्या — उतारावर जे करायचं नाही नेमकं तेच — दोन्ही हातांनी आयाळ गच्च धरलेली, डोळे मिटलेले.

“अगं, थांब ना. खाली उतरून धरतेस का जरा याला?”

काय मागितलं होतं त्यांनी? घोडेस्वारीतलं काही नाही. मला जगात जे खरोखर येत होतं, तेच. उतरायचं, माझा घोडा कुंपणाला बांधायचा, चिखलातून वर जायचं, त्यांच्या घोड्याच्या डाव्या खांद्याशी उभं राहून लगाम हातात घ्यायचा आणि म्हणायचं, काकू, मागे रेला. नीट लिहिता येत नव्हतं तेव्हापासून मी हे करत होते.

मी पलीकडे पाहिलं. सगळे आमच्याकडेच बघत होते. एकाने व्हिडिओसाठी फोन वर धरला होता. आणि मला मी दिसले. चिखलात पाय, हातात दुसऱ्याच्या घोड्याची दोरी, वर बसलेली बाई. इतक्या लांब येऊन पुन्हा तेच चित्र. संध्याकाळी तो व्हिडिओ काकांना दाखवतील, आणि काका — काका काय म्हणाले असते? बहुतेक काहीच वावगं नाही. पण तेव्हा मला तेवढंच दिसत होतं.

मी तोंड फिरवलं आणि घोड्याला टाच मारली.

पाण्यात शिरायच्या आधी दुसरी हाक आली. या वेळी नुसतं माझं नाव. ते ऐकूनही मी पुढे गेले. मग मागे काहीतरी जड पडल्याचा आवाज झाला, आणि नोरा घोड्यावरून उतरून माझ्या शेजारून पाण्यातून पळत गेली.

काकूंचा खांदा मोडला. हॉस्पिटलमध्ये काका माझ्याजवळ येऊन बसले. त्यांनी सरकार म्हटलं नाही. “तुला हाक नाही का गं ऐकू आली?” एवढंच विचारलं, आणि त्यात आरोप नव्हता. त्यांना फक्त समजून घ्यायचं होतं.

“नाही काका. वारा होता.”

बाहेर नोरा रडत होती, मीच ओढ्याच्या अलीकडे थांबायला हवं होतं म्हणत. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला अजून आठवतो. चूक तिची, हे मी शब्दांत म्हटलं नाही. नुसती पाठ थोपटली, आणि तिने ते तसंच समजावं म्हणून गप्प राहिले.

बाबांना फोनवर सांगितलं की काकू उतारावर घोड्यावरून पडल्या. त्यांनी आधी विचारलं, “दोरी कुणी धरली होती?” मी म्हणाले, तिथे तशी पद्धत नसते बाबा, ज्याचा तो जातो. ते म्हणाले, “आणि तू कुठं होतीस?” पुढे होते, असं मी सांगितलं. पुढे. त्यावर त्यांनी आईकडे फोन दिला.

आता काकाच ती गोष्ट सांगतात. घरी पाहुणे आले की म्हणतात, वाऱ्यात हाक पोचली नाही हो, नाहीतर आमच्या सरकारांनी उडीच टाकली असती. काकू म्हणतात, तिचं नका काढू, मीच वेंधळी, पुढे कशाला वाकले? त्यांनी दोष सगळा आपल्याकडे घेतला आहे, आणि मी तो त्यांच्याकडे राहू दिला आहे. मी भात वाढते. कोशिंबीर पुढे करते.

खांदा जुळला, पण उजवा हात कानाच्या वर जात नाही. म्हणून क्लासला जायच्या आधी मी वर जाते. काकू खिडकीजवळच्या खुर्चीत पाठ करून बसतात. त्या तबेल्यात पुन्हा गेल्या नाहीत. बूट गराजमध्ये आहेत, त्यांवरचा चिखल तसाच वाळलेला. आज वेणी घालत असताना म्हणाल्या, “तुझ्या त्या राणीबद्दल सांग ना काहीतरी. मला ऐकायला आवडतं.” मी सांगितलं की तिच्या कपाळावर पांढरा ठिपका होता आणि तिला गाजरापेक्षा चपाती आवडायची. काकू हसल्या. त्यांचं डोकं माझ्या हातांत हललं.

हाक मी ऐकली होती. पहिली ऐकली आणि दुसरीही ऐकली. त्या दिवशी वारा नव्हता. ओढ्याकाठचं गवतसुद्धा हलत नव्हतं.