गढीच्या गावचं पाणी

कुक्षी गावातलं लग्न आटोपून देवासला परतताना चूक माझीच झाली. वाटेत छप्पर उडालेलं एक पुरातन शिवमंदिर दिसलं आणि मी गाडी थांबवली. मी खांबांवरची नक्षी बघत बसले, तोवर माझ्या आत्यासाहेबांनी आमच्या पाण्याच्या दोन्ही बाटल्या पिंडीवर रिकाम्या केल्या. "देव कधीचा तहानलेला होता गं," म्हणाल्या. त्र्याऐंशी वर्षांच्या बाईला काय बोलणार?

पुढे अर्ध्या तासात टायर पंक्चर झालं, तेही नेमकं गढीच्या गावात.

या गावचं पाणी आमच्या घराला वर्ज्य. कुठल्याशा लढाईत आमचे एक पूर्वज इथल्या गढीत अडकले, गावाने फितुरी करून दार उघडलं आणि ते मारले गेले. तेव्हापासून घरची शपथ, की या गावच्या पाण्याचा थेंब तोंडात घालायचा नाही. लढाई कोणाची, कोणाविरुद्ध, हे घरात दोघांना विचारलं तर तीन उत्तरं मिळायची. शपथेबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत असायचं.

गढीच्या भिंतीला तोफगोळ्यांनी पडलेले खड्डे अजून आहेत. त्यांत कबुतरं राहतात. भिंतीच्या दगडांत शिंपले दिसतात. कधीकाळी इथे समुद्र होता, हे मी शाळेत दरवर्षी शिकवते. समुद्र आटला, राज्यं गेली, आमची शपथ तेवढी शाबूत.

"आधा घंटा लगेगा, दीदी," पंक्चरवाला म्हणाला. मी वळून पाहिलं तर आत्यासाहेब घामाने भिजलेल्या, हात थरथरत होते. मधुमेहाची गोळी सकाळी घेतलेली आणि निघायच्या घाईत पोटात काही नाही. साखर उतरली होती. मी लग्नातला लाडू त्यांच्या तोंडात घातला, पण कोरड्या घशाखाली तो जाईना. दुकानात विकतची बाटली नव्हती. समोरच्या घरातली बाई लोटा घेऊन धावत आली. "माजी, पाणी पी लो."

आत्यासाहेबांनी ओठ घट्ट मिटले.

मी विनवलं, मग ओरडले. त्या नुसती मान हलवत होत्या. डोळ्यांदेखत त्या हातातून जाणार असं मला वाटलं, आणि माझं असं आहे की भीती वाटली की राग येतो.

"आत्यासाहेब, आजोबा गेले तेव्हा तुम्ही सुतक किती दिवस धरलंत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तीन दिवस. आम्ही तेरा, तुम्ही तीन. चौथ्या दिवशी सासरी दिवाळीच्या करंज्या करायला बसलात. लग्न झालं, मी आता सासरची, असं तुम्हीच सांगितलंत. वडिलांच्या सुतकाला ज्या घरच्या नव्हतात, त्या घरची शपथ आता कशाला पाळता?"

अशा वेळी हे बोलायला नको होतं. पण लहानपणापासून मनात साचलेलं बाहेर पडलं. त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी लोट्याकडे हात केला.

लाडू पाण्याबरोबर उतरला. बाईने दुसऱ्या लोट्यात साखरेचं पाणी कालवून आणलं, तेही त्या प्यायल्या. दहा-पंधरा मिनिटांत थरथर थांबली, चेहऱ्यावर रंग आला आणि त्यांनी त्या बाईला मुलं किती, हे विचारलं. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. गाडीला टेकून मी हमसून रडले.

बाईने लोटा माझ्यापुढे धरला. घसा माझाही सुकला होता. मी हात पुढे केला, तोच आत्यासाहेब कडाडल्या, "तू नाही प्यायचंस!"

"का?"

"तुझं लग्न झालंय?"

सत्तेचाळीस वर्षांची मी. हा प्रश्न त्यांनी हजारदा विचारला असेल आणि हजारदा मी चिडले असेन. आज त्यांचा तो खणखणीत आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी रडता रडता हसायला लागले.

"आता त्या घरचं तूच एक माणूस उरलंयस," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी तर कधीच सुटले. तू तरी पाळ."

"मेरा उपवास है," मी बाईला खोटंच सांगितलं आणि हात जोडले. पुढचं मनावर गाव येईपर्यंत तहानेने जीव कासावीस झाला होता, आणि मागच्या सीटवर आत्यासाहेब लाडवात तूप कमी होतं म्हणून कुरकुरत होत्या.