जुन्या गाड्या बघायला निघालेली जीप

चार दिवसांची टूर आखायला आम्हाला चार महिने लागले. माणसं आखायला बसली की बोलतात, कुठं कुठं जाऊन बघून येतात आणि किस्से साठत जातात. पुढे टूर विसरायला होते, किस्से तेवढे राहतात. आमचे तर असे, की हसत सांगायला सुरुवात केली तरी ऐकणारा मध्येच हसायचा थांबतो.

आम्ही तिघं. मी मलकापूरच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. वसंता खर्चे वांगी-मिरची पिकवायचा. मिलिटरीच्या लिलावातली एक जुनी जीप त्यानं हौसेनं घेतली होती. तिसरे इंगळेकाका, रेल्वेत गार्ड, नुकतेच रिटायर झालेले. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं, जीपही आमच्या हिशेबानं नवीच. जुन्या लाइनी, जुनी इंजिनं, कुणी हौसेनं जपलेलं रेल्वेचं सामान, सगळं फिरून बघायचं असा प्लॅन.

"सारी नोकरी मागच्या डब्यात गेली," काका म्हणायचे. "आता गाडी समोरून पाहू."

* * *

दर रविवारी सकाळी माझ्या ओसरीवर कागद पसरायचा. काका डोळे मिटून लाइन सांगायचे, मी नकाशा काढायचो. पूल, वळण, चढ, सगळं त्यांना पाठ. एका वळणावर ते म्हणाले, "इथं शिट्टीची खूण करा, मास्तर."

"काऊन?" वसंतानं विचारलं. "इथं तं फाटक नाही."

"एक माणूस छत्री घेऊन रुळाच्या कडेले उभा राह्यते."

"रोज?"

"मी नोकरीले लागलो तवापासून."

"मंग तं म्हातारा झाला असन आता."

काकांनी डोळे उघडले, जरा आठवून पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "छत्री जुनी झाली."

* * *

जीपची ट्रायल घ्यायला आम्ही भर दुपारी एका खेड्याच्या वाटेनं गेलो. वाटेत रेल्वे ओलांडायची होती. तिथं फाटक नव्हतं आणि दोन्ही बाजूंना ज्वारी डोक्याच्या वर वाढलेली. रूळ दहा पावलांवर असताना जीप बंद पडली.

वसंता खाली उतरला, बॉनेट उघडलं आणि जीपच्या खानदानाचा उद्धार करायला लागला. "काऊन बे, घरून निघताना तुले काय झालतं?" तो जीपला विचारत होता, तेवढ्यात ज्वारीतून मालगाडी निघाली. वारा असा उलटा होता, की शिट्टीसुद्धा ऐकू आली नव्हती. डबे संपेपर्यंत आम्ही तिघं नुसते उभे.

शेवटचा डबा गेला. वसंतानं बॉनेट लावलं. कशालाही हात न लावता जीप पहिल्या फटक्यात सुरू झाली.

त्या दिवसापासून वसंता जीपला "अहो" म्हणायला लागला.

* * *

टूरला निघालो तेव्हा आधी मूर्तिजापूरला गेलो. तिथली नॅरोगेज म्हणजे खेळण्यातली वाटावी अशी गाडी. तिच्यापेक्षा मला मोठ्या लिंबाखाली उभं असलेलं एक मेलेलं इंजिन आवडलं. चाकं गंजलेली, चिमणीत पाखरांची घरटी. मी चित्र काढायला बसलो. काढता काढता बॉयलरला हात टेकला आणि झटकन मागे घेतला. चटका बसला होता.

ऊन तिथं सकाळपासून पोचलेलं नव्हतं. जवळ एक म्हातारा फिटर बिडी ओढत बसला होता. त्याला म्हटलं, "हे इंजिन बंद आहे ना?"

"हाव. लय वर्षं झाले."

"मग गरम कसं?"

त्यानं मान वर करून सूर्य कुठं आलाय ते पाहिलं. "या टाइमाले याची ड्यूटी राह्यते," तो म्हणाला.

* * *

खामगावात एका रिटायर्ड स्टेशन मास्तरांनी घरातच म्युझियम केलं होतं. एका खोलीत सिग्नलचा हात, पितळी घंटा, कंदील, आणि टेबलावर दोन स्टेशनांनी एकमेकांना गाडीची खबर द्यायचं जुनं यंत्र. चहा पिता पिता यंत्राची घंटी वाजली. एकदाच.

मास्तर उठले. कप हातात तसाच. त्यांनी यंत्राचा खटका दोनदा दाबला आणि परत येऊन बसले.

वसंता खाली वाकून टेबलाखाली बघत होता. यंत्राची वायर वीतभरच होती; पुढं कापलेली.

"कोन वाजोते हे?" त्यानं विचारलं.

"पलीकडचा स्टेशन मास्तर."

"अन् तुमी उत्तर काऊन देता?"

"नाही दिलं तं गाडी तिकडंच उभी राह्यते ना," मास्तर म्हणाले. "गाडीत माणसं असतात."

आतून त्यांच्या बायकोनं विचारलं, "गेली का हो?" ते म्हणाले, "हो, सोडली." आणि आम्हाला आणखी चहा आला. आम्ही तो पटापट पिऊन निघालो.

* * *

शेवटच्या दिवशी आम्ही जी रेल्वे बघायला गेलो, ती कधी झालीच नव्हती. खामगावहून जालन्याला लाइन न्यायची म्हणून इंग्रजांच्या काळात मोजणी झाली होती. पण रूळ पडले नाहीत. या लाइनीसाठी काकांनी हट्टच धरला होता. त्या मोजणीचे दगड अजून शेतांत आहेत, असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं.

चिखली मागे टाकल्यावर काका म्हणाले, "माहा बाप या मोजणीवर मापाची साखळी ओढायले होता. मी तवा तीन महिन्याचा. बाप वापस आला नाही. कुठं गेला, काय झालं, कोनाले ठाऊक नाही."

इतकी वर्षं भेटत होतो, पण हे आम्हाला माहीत नव्हतं. वसंतानं जीप हळू केली.

देऊळगाव राजाच्या अलीकडे एका वस्तीजवळ, हरभऱ्याच्या शेतात तसला एक दगड सापडला. बांधावर एक म्हातारी ऊन खात बसली होती. दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं. काकांनी लांबूनच विचारलं, "माई, असे दगड पुढं बी हायेत का?"

म्हातारीनं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

"आला का, महादू?" ती म्हणाली. "ये, बस."

महादू हे काकांच्या वडिलांचं नाव. पेन्शनचा अर्ज मीच लिहिला होता, म्हणून मला ठाऊक होतं. काका जागच्या जागी थिजले. मग जाऊन तिच्यासमोर जमिनीवर बसले.

म्हातारीनं शेजारी चाचपलं, पाण्यानं भरलेला तांब्या उचलला. "काल तू पानी मागितलं, तर वरून वतलं म्या. ओंजळीनं पेलास. सासू उभी व्हती, काय करू? आज ती न्हाई. धर, हातात धर."

काकांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला, तोंडाला लावला आणि सगळं पाणी प्याले. मी आणि वसंता जीपपाशी उभे होतो. जवळ जायचा धीर झाला नाही.

"लेकरू कसं हाय रं?" म्हातारीनं विचारलं. "तीन महिन्याचं हाय म्हनला व्हतास."

काकांनी तांब्या खाली ठेवला.

"बरं हाय, माई," ते म्हणाले. "मोठं झालं. रेल्वेत लागलं."

म्हातारीनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला.

"मंग काल जाताना रडत कशाला व्हतास?"