धाकट्याचं अर्धं वाक्य

गल्लीत त्याला सगळे फटाफट म्हणत. हे नाव आपल्या हातावरून पडलं असं तो स्वतः सांगायचा, कारण दाढी असो की केस, गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं न टेकलं तोच त्याची कातरी सुरू व्हायची. बायकोचं म्हणणं वेगळं होतं. ती म्हणायची, नाव हातावरून नाही, तोंडावरून पडलंय. समोरच्यानं तोंड उघडायचा अवकाश, की हा पुढचं बोलून मोकळा. "मागून जरा..." "बारीक करू, कळलं." "कालपासून डोकं..." "शेक द्या, जाईल." चर्चमध्ये पाळकसाहेब प्रार्थनेच्या शेवटच्या वळणावर आले की याचं आमेन आधीच खणखणीत ऐकू यायचं, आणि मागच्या बाकावरच्या बायका रुमालात तोंड लपवायच्या.

दुकान लहानसं होतं. दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, कोपऱ्यात बेसिन, दारात गिऱ्हाइकांसाठी बाक. पहिली खुर्ची फटाफटची, दुसरी त्याच्या धाकट्या भावाची. धाकटा बोलताना अडखळायचा. लहानपणापासूनच. एखादं अक्षर जिभेला असं चिकटायचं की त्याची मान ताणली जायची, डोळे मिटायचे, आणि शब्द काही केल्या सुटायचा नाही. 'न' तर त्याचा जुना वैरी.

आईवडील गेल्यावर थोरल्यानंच त्याला वाढवलं, हातात कातरी दिली, लग्न लावून दिलं, आणि त्याची वाक्यंही तोच पुरी करत आला. यात आपण भावावर उपकार करतो, त्याची चारचौघांत फजिती होऊ देत नाही, अशी त्याची मनापासून समजूत होती. वाक्य बहुतेक वेळा बरोबर पुरं व्हायचंही. चुकलं तर धाकटा हात हलवून सोडून द्यायचा. नको असलेला चहासुद्धा गपचूप पिऊन टाकायचा.

रस्त्याच्या पलीकडे, पूर्वी जिथं चपलांचं दुकान होतं तिथं, नवं सलून उघडलं आणि फटाफटचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. दर्शनी भागाला मोठी काच, आत पांढरेशुभ्र दिवे, आणि मालक एक चष्मेवाला गृहस्थ. हळू चालणारा, हळू हसणारा.

"एवढं गोड हसणारा माणूस सरळ नसतो," फटाफटनं पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला.

गिऱ्हाइकाच्या मानेवर मशीन फिरवताना त्याची नजर आरशात असायची, कारण पलीकडचं दार आरशात पुरतं दिसायचं. कोण आत गेलं, कोण हसत बाहेर आलं, सगळी टेहळणी तिथूनच चालायची.

एका दुपारी त्या आरशात त्याला धाकटा दिसला. जेवायला म्हणून बाहेर पडलेला, आणि उभा होता चष्मेवाल्याच्या दारात. चष्मेवाला मान तिरकी करून ऐकत होता, आणि धाकटा बोलत होता. एकदोन शब्द नव्हे, चांगला लांबलचक बोलत होता. स्वतःच्या भावाजवळ हूं की चूं न करणारा माणूस परक्याच्या दारात एवढं काय सांगत असेल? 

"कुठं होतास?" धाकटा परत आल्यावर त्यानं विचारलं.

"इ-इथंच."

"हं," फटाफट म्हणाला, आणि वस्तरा पट्ट्यावर नेहमीपेक्षा जोरात घासायला लागला.

एकदा मनात पाल चुकचुकली, की मग तिला जागा पुरत नाही. धाकटा आपली चांगली कातरी रोज संध्याकाळी घरी न्यायला लागला होता. धार लावायला नेतो म्हणे. का, दुकानात धार लागत नव्हती? भावजय डबा घेऊन यायची, तेव्हा नवराबायको दारात हळू आवाजात बोलायचे आणि फटाफट वळला की गप्प व्हायचे. दाढीला आलेला पोस्टमन बोलता बोलता म्हणाला, "तुमचा धाकटा समोर आत बसला होता बरं का, चहा घेत. चांगली गट्टी दिसतेय." पोस्टमनचा गाल त्या दिवशी थोडक्यात बचावला.

घरी त्यानं हे सगळं बायकोपुढे मांडलं. कातरी, कुजबुज, चहा, एकेक मणी ओवून दाखवला.

"मग विचारा की त्यांना सरळ," बायको म्हणाली. "आणि विचारल्यावर जरा थांबा. उत्तर त्यांचं त्यांना देऊ द्या."

"विचारायचं काय त्यात? दिसतंय ना."

त्याला विचारावं लागलंच नाही. एका संध्याकाळी गिऱ्हाईक आटोपल्यावर धाकट्यानं जमिनीवरचे केस झाडून कोपऱ्यात लावले, झाडू भिंतीला टेकवला आणि तो समोर येऊन उभा राहिला.

"दादा, एक स-सांगायचं होतं."

"सांग."

"त्या च-चष्मेवाल्यांनी मला बोलावलंय. ख-खुर्ची देतो म्हणाले."

फटाफटच्या हातातली टॉवेलची घडी तशीच राहिली. इतके दिवस आरशात पाहिलेलं आता साक्षात पुढ्यात येऊन उभं होतं.

"मी त्यांच्याकडे ज-जाणार न... न..."

धाकट्याची मान ताणली, डोळे मिटले. न जिभेला चिकटून बसला. आपल्या भाषेत वाक्याचा जीव शेवटच्या शब्दात असतो. होकार की नकार, ते तिथं पोचल्यावरच कळतं. थांबायचं होतं ते एखाद्या श्वासाएवढं. पण फटाफटनं त्या 'न'चा होकारातला 'ना' आधीच करून टाकला.

"जाणार ना? मग जा ना. मला कशाला विचारतोस?"

धाकट्यानं डोळे उघडले आणि दोन्ही हात जोरात हलवले. "न... न..."

"आता ना-ना काय करतोस? मी काय आंधळा आहे? रोज बघतोय इथून. कातरी नेलीस, चहा प्यालास, बायकोला सामील केलंस. हाताला धरून शिकवलं त्याचं हे फळ? आजच जा. उद्याची वाट कशाला बघायची?"

आवाज चढला की धाकट्याची जीभ पुरती कुलूपबंद व्हायची. तो तसाच उभा राहिला, ओठ हलत होते आणि त्यातून काही बाहेर पडत नव्हतं. फटाफटला ते अपराध्याचं मौन वाटलं. त्यानं भावाचे कंगवे, मशीन, ब्रश एका पिशवीत कोंबले आणि पिशवी त्याच्या हातात दिली. धाकट्यानं अंगातला एप्रन काढून खुंटीला लावला, आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतंय तोच भावजय आली.

"दादा, काल तुम्ही त्यांचं पुरतं ऐकून घेतलं नाही. ते म्हणत होते की..."

"काय म्हणत होता ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. तू त्याची वकिली करू नकोस."

 मग पर्समधून दुकानाची जादा किल्ली काढून तिनं आरशाखालच्या फळीवर ठेवली. "परत सांगायला मी येणार नाही," एवढं बोलून ती पायऱ्या उतरली.

पुढच्याच आठवड्यात आरशात, पलीकडच्या काचेमागे, पांढरा कोट घातलेला धाकटा दिसायला लागला.

"बघ, मी म्हणालो नव्हतो?" फटाफटनं बायकोला ऐकवलं.

"ढकलल्यावर माणूस कुठंतरी जाऊन पडणारच," बायको म्हणाली.

धाकट्याची गिऱ्हाइकं हळूहळू रस्ता ओलांडायला लागली. फटाफटला आता प्रत्येकाचाच वहीम येऊ लागला. कोणी चार दिवस उशिरा आलं, तर तो आधी त्याच्या मानेवर परक्या हाताच्या खुणा शोधायचा. चर्चमध्ये धाकटा आणि भावजय दुसऱ्या रांगेत बसू लागली होती, आणि उपासनेनंतर पाळकसाहेब त्यांच्यापाशी रेंगाळताना दिसले, तेव्हा त्याला वाटलं, हेही तिकडचेच.

शनिवारी पाळकसाहेब दाढीला आले. दाढी होईपर्यंत त्यांना बोलता येत नव्हतं, तेवढ्यात फटाफटनं भावाच्या बेइमानीचा पाढा पहिल्यापासून वाचून काढला. फेस पुसल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, "त्याचं बोलणं संपलं होतं का त्या दिवशी?"

"संपायची काय गरज? कळत होतं की."

"पवित्र शास्त्रातला तो राजा आठवतो ना, संदेष्ट्याची वाट बघत बसलेला? संदेष्टा म्हणाला होता, मी येईपर्यंत थांब, अर्पण मी करीन. समोर शत्रू, इकडे माणसं पांगायला लागलेली, संदेष्ट्याचा पत्ता नाही. शेवटी राजानं स्वतःच अर्पण उरकलं. ते उरकतंय तोच संदेष्टा समोरून येताना दिसला."

"मग?"

"मग राज्य गेलं. तो काही चोरीमारी करत नव्हता हो. देवाचंच काम करत होता. फक्त देवाला बोलणं पुरं करू दिलं नाही त्यानं."

"म्हणजे मी राजा का?"

पाळकसाहेबांनी रिकाम्या दुसऱ्या खुर्चीकडे पाहिलं आणि टोपी घातली. "उद्या चर्चमध्ये बायबलमधला शास्त्रपाठ धाकटा वाचणार आहे," ते जाता जाता म्हणाले.

फटाफट दिवसभर धुमसत राहिला. शास्त्रपाठ आजवर त्यानंच वाचलेला, आणि तोही असा की ऐकणाऱ्यांना पान उलटायला फुरसत मिळू नये. आणि आता त्या अडखळणाऱ्या पोराला चारचौघांत उभं करायचं? हा आपला पाणउतारा आहे, की त्याचं हसं करायचा डाव? यामागे चष्मेवाला तर नसेल?

रविवारी धाकटा पुढे जाऊन उभा राहिला. उतारा प्रीतीविषयीचा होता, लहान मुलांनाही तोंडपाठ असणारा. फटाफटला तर झोपेतही आला असता. पण त्या उताऱ्यातली एक गोष्ट त्याच्या कधीच ध्यानात आली नव्हती. प्रीती काय काय करत नाही, याचीच त्यात रांग लागलेली होती. हेवा, बढाई, गर्व, चीड, एकामागून एक, आणि प्रत्येक वाक्याच्या टोकाला तोच शब्द, धाकट्याचा वैरी.

"...क-करीत न... न..."

 फटाफटची जीभ आपोआप टाळ्याला लागली. बायकोनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून चांगला दाबला. धाकट्याची मान ताणलेली, डोळे मिटलेले. कोणी खोकलं नाही, कोणी पुढचा शब्द सुचवला नाही.

"...नाही," धाकटा म्हणाला, आणि पुढच्या वाक्याकडे वळला.

तिथंही तेच. पुन्हा न, पुन्हा ती घुसमट, पुन्हा सगळ्यांचं थांबणं, आणि शेवटी नाही. अशी किती वाक्यं गेली कोण जाणे, पण मध्येच कधीतरी फटाफटचं वाचनावरचं लक्ष उडालं. टॉवेल, झाडू, ती संध्याकाळ डोळ्यांपुढे आली. मी त्यांच्याकडे जाणार न. भावजय दारात उभी राहून काय सांगत होती, तेही आता कळलं. की पुन्हा आपण आपल्याच मनानं वाक्य पुरं करतोय? पहिल्यांदाच त्याला स्वतःच्या कळण्याचा संशय आला.

प्रार्थना संपली तेव्हा त्याचं आमेन कोणाला ऐकूच आलं नाही.

उपासनेनंतर त्यानं धाकट्याला बाहेरच्या पायऱ्यांवर गाठलं. भावजय शेजारीच उभी होती, हाताची घडी घालून.

"त्या दिवशी तुला काय सांगायचं होतं?"

धाकट्यानं आधी त्याचा चेहरा न्याहाळला. मारकुट्या मास्तरसमोर पोर जसं अंदाज घेतं, तसा. फटाफटनं जीभ दातांखाली धरली. लोक बाजूनं जात होते, कोणी नमस्कार केला, त्यानं तो घेतला नाही.

"मी जाणार न... नाही, असं त्यांना स-सांगून आलो होतो," धाकटा सावकाश म्हणाला. "दुसऱ्या क-कोणाकडून कळण्याआधी तुला आपण सांगावं म्हटलं."

"मग त्याआधी तिथं जात का होतास?" तोंडातून निघून गेलंच.

"च-चहाला. ते थांबतात, दादा. मी ब-बोलेपर्यंत."

कोणी कानाखाली वाजवली असती तर एवढं लागलं नसतं. इतकी वर्षं भावाच्या तोंडून शब्द काढून घेतले आणि त्याला माया म्हटलं. प्रभू आपलं रडगाणं रोज शेवटपर्यंत ऐकून घेतो, मध्ये कधी तोडत नाही, आणि आपल्याला सख्ख्या भावासाठी एक श्वासभर थांबवलं नाही.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "परत ये. खुर्ची तशीच आहे."

"मी येणार..."

फटाफट थांबला. आशेनं, पण थांबला.

"...नाही, दादा. तिथं ब-बरं चाललंय माझं. पण घरी येईन."

त्यानं मान डोलावली. 

धाकटा शब्दाला जागला. रविवारी दुपारी जेवायला यायला लागला. फटाफटची सवय काही रात्रीतून सुटली नाही. गिऱ्हाइकाचं वाक्य अजूनही कधी मध्येच तोडलं जायचं, मग तो ओशाळून म्हणायचा, "बोला, तुम्ही काय म्हणत होता?" दुसरी खुर्ची रिकामीच राहिली. समोरचं सलून आरशात दिसायचं, पण तिकडे कोण जातं याचा हिशेब त्यानं सोडून दिला.

भावजय मात्र आली नाही. बऱ्याच रविवारांनंतर एकदा ती धाकट्याबरोबर आली आणि दारातच थांबली.

"मी वहिनींसाठी आलेय, दादा. माझ्या मनातून ते अजून गेलेलं नाही. तुमचा भरवसा वाटत नाही मला."

झालं गेलं विसर, माफी मागितली ना, अजून किती दिवस धरून बसणार, हे सगळं त्याच्या अगदी दातांपर्यंत आलं. माफी मागून आपण मोकळे झालो, आता समोरच्यानंही लगेच मोकळं व्हावं, ही त्याची जुनीच घाई होती. त्यानं ती गिळली.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला, आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली.

ती बसली, पण पर्स मांडीवरच ठेवून.